शेवटच्या कोसाची तार

घरात वेगवान इंटरनेट आणणाऱ्या तारा तीन प्रकारच्या आहेत: टेलिफोनची तांब्याची जोडी, केबल टीव्हीची कोएक्सिअल तार आणि काचेचा तंतू म्हणजे ऑप्टिकल फायबर. यांतल्या पहिल्या दोन या कामासाठी टाकलेल्याच नव्हत्या. एक माणसाच्या बोलण्यासाठी होती, दुसरी टीव्हीच्या चित्रासाठी. इंटरनेट त्यांवर नंतर चढवले गेले. तिसरी मात्र माहिती वाहून नेण्यासाठीच जन्माला आली. कोणत्या गावात कोणती तार पोचली आणि कुठवर येऊन थांबली, यावर त्या गावाचा वेग ठरतो. देशातल्या आणि शहराशहरांतल्या मुख्य वाहिन्या केव्हाच काचेच्या झाल्या आहेत. त्या वाहिनीपासून घराच्या भिंतीपर्यंतचा शेवटचा कोस कसा पार करायचा, हा प्रश्न उरतो.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न स्पष्ट दिसतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. क्षेत्रफळ सव्वापाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार. शंभरातले सुमारे ८३ लोक खेड्यांत राहतात. ग्रामपंचायती साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे एका ग्रामपंचायतीच्या वाट्याला सरासरी नऊ-दहा चौरस किलोमीटर येतात. त्यातही गाव एका जागी नसते. मूळ गाव एकीकडे, त्याचे टोले म्हणजे वाड्या दोन-तीन किलोमीटर पलीकडे, मधे धानाच्या बांध्या, एखादी बोडी किंवा जंगलाचा पट्टा. तार टाकणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा महाग भूगोल शोधावा लागेल.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले, विदेश संचार निगमच्या मार्फत. सुरुवातीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता, आणि चित्रे दिसतील अशा जोडणीला एका व्यक्तीला वर्षाला १५,००० रुपये पडत. ही डायल-अप पद्धत. मोडेम टेलिफोनचा नंबर फिरवी, पलीकडचा मोडेम उचली, आणि दोघे माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजात एकमेकांशी बोलत. टेलिफोनची यंत्रणा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहते, कारण बोलणे समजायला तेवढे पुरते. त्या अरुंद पट्ट्यातून शेवटी शेवटी ५६ किलोबिटपर्यंत वेग काढला गेला आणि तिथे वाट संपली. इंटरनेट चालू असताना घरी फोन येत नसे, आणि बिल मिनिटांवर चढत असे.

गंमत अशी की अडचण तारेची नव्हती. तांब्याची तीच जोडी दहा लाख हर्ट्झच्या पुढचे संकेतही वाहू शकत होती. एक्स्चेंजमधली यंत्रे आवाजाच्या पट्ट्याबाहेरचे सारे कापून टाकत होती. डीएसएल तंत्राने एवढेच केले की तार एक्स्चेंजमध्ये पोचताच तिच्यावरचा आवाज आणि माहिती वेगळी करून माहिती दुसऱ्या यंत्राकडे वळवली. त्या यंत्राला डीस्लॅम म्हणतात. घरच्या बाजूला हेच काम स्प्लिटर नावाची छोटी डबी करते. तिच्या एका खाचेत फोन, दुसरीत मोडेम. घरगुती वापरात आलेल्या एडीएसएलमध्ये २५ ते १३८ किलोहर्ट्झ हा पट्टा घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला आणि त्यापुढचा १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा मोठा पट्टा घरात येणाऱ्या माहितीला दिला जातो. पट्ट्याचे सव्वाचार किलोहर्ट्झचे बारीक तुकडे करून मोडेम प्रत्येक तुकडा तपासतो: कुठे खरखर आहे, कुठे वाट मोकळी आहे. त्याप्रमाणे तो कुठे जास्त भार टाकतो, कुठे कमी. मोडेम सुरू केल्यावर दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो, तो या तपासणीपायी.

या तंत्राचा शत्रू म्हणजे अंतर. कंपन जितके वरचे तितके ते तांब्यात लवकर विरते. एडीएसएलच्या सुधारित प्रकारात, एडीएसएल-२ प्लसमध्ये, कागदावर २४ मेगाबिटचा वेग आहे. तो एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला मिळतो. तीन किलोमीटरवर त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. पाच किलोमीटरनंतर जोडणी टिकेल याची खात्री राहत नाही. गोंदिया शहरात, जिथे रेलटोली, सिव्हिल लाइन्स आणि बाजार एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे हे चालून गेले. खेड्यांत अंतर सरळ रेषेत मोजून भागत नाही. तार रस्त्याने जाते, रस्ता तलावाला वळसा घालतो, आणि तीन किलोमीटरचे पाच होतात.

त्यात पावसाळा. जमिनीखालच्या टेलिफोन केबलला ठिकठिकाणी जोड असतात. पिलरमध्ये, डीपी बॉक्समध्ये आणि खांबावरच्या डबीत ती उघडी होते. तिथे ओल शिरली की बोलणे खरखरत का होईना चालू राहते, पण डीएसएलचे वरचे पट्टे जातात. 'फोन चालू आहे, नेट बंद आहे' ही तक्रार लाइनमनने वर्षानुवर्षे ऐकली, तिचे कारण बहुधा असा एखादा जोड असे. पूर्व विदर्भात मृगापासून विजा कोसळतात. तांब्याच्या तारेवरून तो झटका घरात येतो आणि मोडेम जळतो. ढग भरून आले की तार काढून ठेवायची, ही सवय म्हणूनच लागली.

तरीही ब्रॉडबँडचा पहिला खरा प्रसार याच तारेने केला. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण १४ ऑक्टोबर २००४ रोजी आले. त्याने किमान २५६ किलोबिट वेगाच्या आणि सतत चालू राहणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड मानले. जानेवारी २००५मध्ये भारत संचार निगमने 'डेटावन' सुरू केले; महाराष्ट्रात मुंबई सोडून सगळीकडे तेच. २००९च्या जानेवारीत ग्रामीण एक्स्चेंजांवरून आठ लाखांहून अधिक जोडण्या द्यायचा करार सार्वत्रिक सेवा निधी आणि निगम यांच्यात झाला. व्याख्येतला किमान वेग २०१३मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३मध्ये २ मेगाबिट झाला. पण वेगाची अट वाढत होती त्याच वर्षांत तांब्याची जोडी ओस पडत होती. मोबाइल आल्यावर लोकांनी घरचे फोन परत केले, रस्ते रुंद करताना केबल तुटल्या, काही चोरीला गेल्या, आणि ज्या तारेवर फोनच नाही ती दुरुस्त करण्यात कुणाला रस उरला नाही.

केबल टीव्हीच्या तारेची कथा वेगळी आहे. मधे तांब्याची सळई, भोवती इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी अशी कोएक्सिअल तार बाहेरची खरखर आत येऊ देत नाही आणि शेकडो मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत वाहते. टीव्हीच्या वाहिन्या या पट्ट्यात ओळीने बसवलेल्या असतात. त्यांतल्या काही जागा इंटरनेटला द्यायच्या, हे डॉक्सिस या मानकाचे तत्त्व. १९९७मध्ये आलेल्या या मानकाची ३.१ ही आवृत्ती सिद्धान्ताने १० गिगाबिटपर्यंत जाते. अमेरिकेत घराघरातले इंटरनेट मोठ्या प्रमाणावर याच तारेवर पोसले गेले.

महाराष्ट्राच्या छोट्या शहरांत ते घडले नाही, आणि याचे कारण तंत्रात नसून धंद्यात आहे. १९९०च्या दशकात केबलवाल्याने गच्चीगच्चीवरून आणि विजेच्या खांबांवरून जी तार ओढली, तिच्यातले ॲम्प्लिफायर फक्त एका दिशेने, म्हणजे घराकडे, संकेत वाढवत. इंटरनेटला परतीची वाट लागते. ती करायची तर प्रत्येक ॲम्प्लिफायर बदलायचा आणि मुख्यालयात महागडी यंत्रणा बसवायची. शे-दोनशे रुपयांच्या महिनाभाड्यावर चालणाऱ्या धंद्याला ते पेलणारे नव्हते. म्हणून बहुतेक केबलवाल्यांनी मधली पायरी गाळली. आधी कार्यालयांत वापरतात तीच लॅनची तार गल्लीत फिरवली आणि नंतर थेट फायबर ओढले. टीव्हीच्या डिजिटायझेशनने २०१२ ते २०१७ या काळात या धंद्याची घडी नव्याने बसवली, त्याचाही यात हात आहे. मोठ्या कंपन्या आल्या तरी गल्लीतला माणूस तोच राहिला. त्याच्या खांद्यावरचे वेटोळे तेवढे बदलले.

केबलच्या तारेने एक गोष्ट मात्र सगळ्यांना शिकवली: वेग हा वाटून घ्यायचा असतो. एका तारेवर पन्नास घरे असली की रात्री नऊला सगळे एकदम बसतात आणि प्रत्येकाचा वेग खाली येतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वरच्या सगळ्यांनी एकदम मोग्या उघडल्या की टेलच्या शेतात पाणी पोचत नाही, मग धरण कितीही भरलेले असो.

काचेच्या तंतूचा शोध तसा जुना नाही. १९६६मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की प्रकाश काचेत विरतो तो काचेतल्या अशुद्धीमुळे. काच पुरेशी शुद्ध केली तर तो कित्येक किलोमीटर जाईल. १९७०मध्ये कॉर्निंग कंपनीने तसा तंतू ओढून दाखवला. काओ यांना २००९मध्ये नोबेल मिळाले. महाराष्ट्राचा या कथेशी जवळचा संबंध आहे. टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली फायबरची ओळ १९७९मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि पुढे काचेच्या कांड्यापासून तंतू ओढणारा मोठा कारखाना स्टरलाइटने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभारला.

तंतूचा गाभा नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याभोवती किंचित वेगळ्या काचेचे आवरण, दोन्ही मिळून १२५ मायक्रॉन. गाभ्यात शिरलेला प्रकाश आवरणाच्या सीमेवरून आत परतवला जातो आणि सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने पुढे जातो. चांगल्या तंतूत एका किलोमीटरला प्रकाशाचा साधारण पाच टक्के भाग विरतो. तांब्याने पाच किलोमीटरवर हात टेकले. काचेला तेवढे अंतर जाणवतही नाही. शिवाय काचेतून वीज वाहत नाही, म्हणून विजांचा झटका तंतूतून येत नाही आणि शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेची खरखरही नाही.

घरोघरी फायबर नेण्याची रूढ पद्धत जीपॉन या नावाने ओळखली जाते. एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्याच स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे तो खांबावर किंवा छोट्या डबीत वर्षानुवर्षे राहू शकतो. घराकडे येणारी माहिती १,४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर, परत जाणारी १,३१० नॅनोमीटरच्या. दोन्ही एकाच तंतूत, एकमेकांना न अडवता. एका तंतूवर २.५ गिगाबिट उतरतात. बत्तीसही घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढू लागली तरी प्रत्येकी सुमारे ७८ मेगाबिट येतात, आणि असा क्षण फारसा येत नाही.

इथे हिशेबाची उलटापालट होते. दर वेळी तंतू दोघांत विभागला की प्रकाश निम्मा होतो. ३२ घरांसाठी तो पाच वेळा निम्मा होतो. त्या मानाने दहा किलोमीटरच्या तंतूतला तोटा एका विभागणीएवढा. म्हणजे अंतर स्वस्त, वाटे महाग. तालुक्याच्या गावी ठेवलेल्या एका यंत्रातून २० किलोमीटरपर्यंतची गावे जोडता येतात. विखुरलेल्या टोल्यांच्या जिल्ह्याला दुसरी कोणतीही तार इतकी सोयीची नाही.

मुख्य वाहिनी जिल्ह्यात पूर्वीपासून आहे. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असा जिल्हा ओलांडून दरेकसाच्या घाटातून डोंगरगडकडे जातो. रेल्वेला सिग्नल आणि स्वतःच्या दूरध्वनीसाठी रुळांच्या कडेने फायबर लागते. त्यातली जास्तीची क्षमता विकण्यासाठी २०००मध्ये रेलटेल ही कंपनी निघाली. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारी लाइन अर्जुनी मोरगावला स्पर्श करते. देवरी आणि सडक अर्जुनीला रेल्वे नाही, पण राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि महामार्गांच्या कडेने कंपन्या केबल गाडत आल्या आहेत. दरेकसाच्या बोगद्याशेजारच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला फोनला रेंज शोधत टेकडीवर चढावे लागते आणि खाली रुळांच्या कडेने महानगरांची माहिती वाहत असते, असा प्रकार घडतो. मुख्य वाहिनी गावाजवळून जाणे आणि गावाला मिळणे यांत फरक आहे. ती फोडून घ्यायला यंत्र, वीज आणि गिऱ्हाईक तिन्ही लागतात.

हे अंतर मिटवण्यासाठी ऑक्टोबर २०११मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. कल्पना साधी होती. तालुक्यापर्यंत भारत संचार निगम, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांचे फायबर होतेच. तिथून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुकडा नव्याने टाकायचा आणि प्रत्येक पंचायतीत १०० मेगाबिट उतरवायचे. पहिला टप्पा २०१७च्या अखेरीस एक लाख ग्रामपंचायतींवर पोचला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचे काम राज्याच्या महाआयटी महामंडळाने 'महानेट' म्हणून हाती घेतले.

केबल गाडायचे प्रमाणित माप १.६५ मीटर खोल. आधी प्लास्टिकची नळी पुरतात, मग हवेच्या दाबाने तिच्यात केबल फुंकतात. धानाच्या चिखलात चर उभी राहत नाही, देवरी-सालेकशाच्या बाजूला खडक लागतो. जंगलातल्या रस्त्याच्या कडेने न्यायची तर वनविभागाची संमती, अभयारण्यातून न्यायची तर वन्यजीव मंडळाची. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जिल्ह्याच्या ऐन मध्यावर पसरलेला आहे. त्याला वळसा घालणे म्हणजे जास्तीचे कित्येक किलोमीटर. खोली कमी पडली की पुढच्या वर्षी रस्त्याचे किंवा नळयोजनेचे काम निघते आणि जेसीबीचा दात केबलमधून आरपार जातो. ही देशभरची डोकेदुखी आहे. मार्च २०२३मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप काढले ते खोदणाऱ्याने आधी विचारावे म्हणून.

तुटलेले फायबर जोडणे हे तांब्याची तार पिळण्यासारखे काम नाही. ओटीडीआर नावाचे उपकरण प्रकाशाचा ठोका पाठवते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तुटीचे अंतर सांगते. मग तंतू सोलून, आरशासारखा कापून, विजेच्या ठिणगीने वितळवून एकमेकांना चिकटवतात. यंत्र महाग आणि माणूस शिकलेला हवा. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचा असेल तर पंचायतीचे नेट दोन दिवस बंद. त्यातून विजेचा प्रश्न वेगळाच. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, म्हणून भारनियमनातही घंटी वाजे. काचेतून वीज येत नाही. पंचायतीतली बॅटरी गेली, किंवा विजेचे बिल थकून मीटर काढला गेला, की धडधाकट फायबरही निरुपयोगी. भारतनेटचे खरे दुखणे हेच निघाले: तार पोचली, पण पंचायतीच्या खोलीत कुलूपबंद राहिली. बांधण्याला निधी होता, सांभाळण्याला माणूस नव्हता.

खोलीतून घरापर्यंतचे काम शेवटी केबलवाल्यासारख्या स्थानिक माणसावरच आले. भारत संचार निगमसारख्या कंपन्या आता महसुलात वाटा देऊन गावातल्या तरुणाकडून फायबर ओढून घेतात. तो ते जमिनीखालून नेत नाही. विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, कधी धुऱ्यावरच्या बांबूवरून नेतो. माकडे आणि वादळ यांचा त्रास असतो, पण तुटले तर तो तासाभरात येतो, कारण त्याचे महिन्याचे पैसे त्यावर अवलंबून असतात. नीटनेटक्या अभियांत्रिकीला हे पटणारे नाही. कामाला मात्र तेच येते.

मोबाइलचा मनोरा हा याला पर्याय वाटतो, आणि देशात २०२४अखेर सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांपैकी तारेच्या चार कोटींच्या थोड्या वर होत्या, हे पाहता तो समज चुकीचाही नाही. पण मनोऱ्याची क्षमता त्याच्या पायथ्याशी येणाऱ्या वाहिनीएवढीच असते. दुर्गम भागातला मनोरा मायक्रोवेव्हवर किंवा उपग्रहावर चालत असेल, तर फोनवर फोर-जीची खूण दिसते आणि फाइल काही सरकत नाही. थोडक्यात, बिनतारी इंटरनेटलाही तार लागते.

वेगाच्या आकड्यांबाबत दोन गोष्टी गिऱ्हाइकाने माहीत करून घ्याव्यात. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला पाच मेगाबाइट उतरतात. एवढे उतरले तर कंपनीने फसवलेले नाही. दुसरी गोष्ट वर चढवण्याच्या वेगाची. सिनेमा पाहणाऱ्याला ती लागत नाही. पण आपले सरकार केंद्रात सातबारा, आधार आणि पासबुकाच्या प्रती चढवणाऱ्याला, किंवा खरिपात धानाच्या आधारभूत खरेदीसाठी शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी करणाऱ्या संस्थेला, तीच लागते. एडीएसएलने ही बाजू मुद्दामच अरुंद ठेवली होती, कारण त्याच्या कर्त्यांना घर म्हणजे फक्त पाहणारे घर वाटले. फायबरवर दोन्ही दिशांचा वेग सारखा देता येतो. देतात की नाही, हे योजनेच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, १,३९,५७९ कोटी रुपयांचा. त्यात दोन बदल महत्त्वाचे आहेत. आधीची जोडणी झाडाच्या फांदीसारखी होती, फांदी तुटली की पुढची सारी पाने गेली. आता तालुका आणि पंचायती वर्तुळात जोडायच्या, म्हणजे एका बाजूने तुटले तर माहिती दुसऱ्या बाजूने येईल. आणि जो ठेकेदार बांधील त्यानेच पुढची दहा वर्षे जाळे चालवायचे. पंचायतीपलीकडची सुमारे ३ लाख ८० हजार गावे मागणीप्रमाणे जोडण्याची तरतूदही या कार्यक्रमात आहे. गोंदियातल्या टोल्यांचा नंबर या शेवटच्या तरतुदीत लागतो, आणि तिथे आधी मागणी नोंदवावी लागते.